गिरणीतली बैठक

सातपूरच्या कारखान्यात हिरामण नोकरीभर पत्र्याच्या प्रेसवर होता. तिथल्या धडधडाटात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे आपले कान गेलेत हे त्याला रिटायर झाल्यावरच कळलं. मुलानं कानातलं मशीन आणलं, पण ते सारखं शिट्टी वाजवायचं. हिरामणनं ते कपाटात ठेवून दिलं.

सून पायलनं त्याला सकाळी बागेत जायला लावलं. तिथं निवृत्त शिक्षक, कारकून जमायचे. माणसं चांगली, पण बोलणं अगदी हळू. सगळे हसले की हिरामणही हसायचा. एकदा खैरनार मास्तर काहीतरी सांगत होते. विनोदच असणार असं वाटून हिरामण खो खो हसला, आणि एकटाच हसला. शेजारच्यानं कानाशी येऊन सांगितलं, मास्तर बायकोच्या ऑपरेशनचं सांगत होते. हिरामण शरमेनं घरी आला, तो पुन्हा बागेत गेला नाही.

मग एकदा तो दळण घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाला कोंडाजी देवळ्याकडचा, वयानं त्याच्याएवढाच.

“बाजरी हाय का?” कोंडाजी ओरडला.

“हजेरी? हजेरी कसली आता! रिटायर झालो!”

“काय?” कोंडाजीनं कानामागे हात धरला.

“काय?” हिरामणनंही धरला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि पोट धरून हसले.

तेव्हापासून हिरामण रोज गिरणीत जाऊन बसू लागला. कोंडाजीसमोर एकच गोष्ट चारदा विचारली तरी संकोच वाटत नसे. तोही तेवढ्याच वेळा विचारायचा. एक दिवस हिरामणनं त्याला मास्तरांचं सगळं सांगितलं.

“मग त्यांना सांग ना, ऐकू आलं नाय म्हणून!”

“लाज वाटते रे.”

“चल, मी येतो संगं.”

दुसऱ्या दिवशी गिरणी उशिरा उघडली. बागेत हिरामण कोंडाजीला घेऊन मास्तरांपुढे उभा राहिला. “मास्तर, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं हो. माफ करा. वहिनी कशा आहेत?”

मास्तर हळूच काहीतरी बोलले.

“काय?” दोघांनी एकदमच विचारलं.

मास्तरांना हसू आलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज त्यांनी लावला, “चालायला लागली! परवा स्वतः चहा केला!”

हिरामणनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

आता तो रविवारी बागेत जातो आणि मास्तर त्याच्यासाठी मोठ्यानं बोलतात. बाकीचे दिवस मात्र तो गिरणीतच असतो. पायल जेवायला बोलवायला येते, तेव्हा त्याचं आणि कोंडाजीचं बोलणं तिला कोपऱ्यावरूनच ऐकू येतं.