फुकटीची कुंडी

माळीबुवांनी चाळीस वर्षं साहेबलोकांच्या बंगल्यांवर हिरवळ राखली. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर स्वतःच्या परसाकडे गेली आणि त्यांना लाज वाटली. नुसती वाळू, नि तिच्यात जिथेतिथे एक जांभळं रानफूल. थंडीत वाळून मेल्याचं सोंग करायचं आणि ऊन तापलं की त्याच मुळातून निर्लज्जासारखं परत यायचं. खत नको, पाणी नको, म्हणून बायको त्याला फुकटी म्हणायची.

"हे सगळं उपटून हिरवळ लावतो," बुवा म्हणाले.

"माझ्या फुकटीला हात लावायचा नाही!"

"अगं, तण आहे ते."

"तण ना? मग एक रोप कुंडीत फुलवून दाखवा. फुललं तर परस तुमचं. नाही तर हिरवळीचं नाव काढायचं नाही."

बुवा गालात हसले. तणाशी कसली पैज!

पहिलं रोप खणताना हातभर खाली गेले तरी मूळ संपेना. शेवटी तोडलंच. शेणखतात लावलं, दोन वेळा पाणी घातलं. आठव्या दिवशी ते कुजून घाण मारायला लागलं. दुसऱ्याचे जावयासारखे लाड केले. तेही जावयासारखंच तोंड पाडून बसलं आणि गेलं. तिसरं बोटभर रोप बुवांनी रागाने कुंडीत नुसती वाळू भरून तिच्यात खोचलं, कुंडी परसातल्या संडासाच्या कडेला ठेवली, "मर तिकडे!" म्हणाले आणि विसरले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी संडासातून बाहेर पडताना त्यांना जांभळं काहीतरी दिसलं. नाडी बांधायचंही भान राहिलं नाही.

"अगं ए! फुललं! आजच कुदळ काढतो!"

बायको हात पुसत आली. "आणा की इकडे, उजेडात बघू दे."

बुवा वाकले. कुंडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा पायजमा तेवढा खाली आला. कुंडीच्या बुडाच्या भोकातून मूळ थेट परसात उतरलं होतं.

"कुंडीत फुललं म्हणे!" बायको पोट धरून हसली. "आधी तो पायजमा वर घ्या. मग कुदळ आणते."

बुवांनी नाडी बांधली. मूळ तुटलं की फूल गेलं, हे आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दगड घेतला, कुंडी हलक्या हाताने फोडली आणि मुळाभोवतीची एकेक खापरी काढली.

"चांगली कुंडी होती," ते पुटपुटले.