मागून रेटणारा

थोरला स्क्रेपरच्या पोटाखाली उताणा पडून ग्रीस भरत होता, तेव्हा वहिनींनी त्याच्या बुटावर पान्याने दोनदा टकटक केलं. एकदा म्हणजे जेवायला चला. दोनदा म्हणजे कुणीतरी येतंय. तीनदा म्हणजे आग लागली आहे, पण ती वेळ अजून आली नव्हती.

तो कोपरांवर सरपटत बाहेर आला. वहिनी उजेडाकडे तोंड करून उभ्या होत्या. होत्या त्याच्या बायको, पण जुन्या यंत्रांच्या मेळाव्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत.

"धाकटे भावजी येताहेत," त्या ओठ नीट उघडून म्हणाल्या. "हातात चहाचे दोन ग्लास आहेत."

"दोन?"

"दोन. आणि मिशा काढल्यात."

थोरल्याने हातातली ग्रीसगन टायरपाशी ठेवली. मिशांचं त्याला काही वाटलं नाही, माणूस म्हातारपणी काहीही करतो. त्याला धास्ती होती त्या दुसऱ्या ग्लासाची. एक ग्लास घेऊन येणारा चहा प्यायला येतो, दोन घेऊन येणारा बोलायला येतो, आणि धाकट्याशी बोलणं थोरल्याला मुळीच परवडणारं नव्हतं.

वडील आयुष्यभर रस्त्यांची आणि तळ्यांची माती काढत आले. जाताना त्यांनी वाटणी केली ती अशी की थोरल्याला स्क्रेपर आणि धाकट्याला डोझर. एकाला सुई, एकाला दोरा. स्क्रेपर म्हणजे चाकांवरची अवाढव्य लोखंडी पेटी. तिच्या बुडाशी एक पातं असतं. पेटी खाली सोडली की सुताराचा रंधा लाकूड सोलतो तसं ते जमीन सोलतं आणि माती पेटीत चढत जाते. पण जमीन कडक असली की पुढची माणसाच्या उंचीची चाकं जागच्या जागी फिरतात, आणि मग मागून डोझरने रेटावं लागतं. म्हणजे थोरल्याला धाकट्यावाचून माती उचलता येत नाही, आणि धाकट्याला थोरल्यावाचून रेटायला काही नाही. पोरं भांडतील हे म्हातारा ओळखून होता.

आणि ती भांडलीच. अकरा वर्षांपूर्वी थोरल्याने सुट्टी घेऊन, घासून पुसून स्क्रेपरला नवा पिवळा रंग दिला. मेळाव्यात धाकट्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि चाळीस माणसांदेखत विचारलं, "याला कावीळ झालीय का?" लोक हसले. थोरला हसला नाही. त्या दिवसापासून अबोला. तरी दरवर्षी दोघं आपापलं यंत्र घेऊन कौलांच्या बंद कारखान्यामागच्या मातीच्या खाणीत यायचे, दोन दिवस एकमेकांशी एक अक्षर न बोलता माती काढून दाखवायचे आणि घरी जायचे. मधले निरोप वहिनी पोचवायच्या.

तीन वर्षांपूर्वी थोरल्याचे कान गेले. कसे नाही जाणार, पंचेचाळीस वर्षं धुराचं नळकांडं डाव्या कानापाशी भुंकत होतं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते इंजिनाजवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखं किंचाळायचं, म्हणून ते कपाटात मोज्यांखाली गेलं. वहिनींचे ओठ त्याला वाचता येत होते. बाकी मेळाव्यात सगळेच इंजिनांच्या आवाजात ओरडत असतात आणि कुणालाच काही ऐकू येत नसतं, त्यामुळे तिथे तो अगदी शोभून दिसायचा.

हे एकाच माणसाला कळण्याची त्याला भीती होती. डोझर मागून टेकला की एक हॉर्न, पेटी भरली की दोन, ही वडिलांपासूनची खूण. हॉर्न देणारा धाकटा. आणि वडिलांचाच नियम असा की कान गेला की सीट सोडायची. ते स्वतः साठाव्या वर्षी मुकाट्याने खाली उतरले होते. धाकट्याला कळलं असतं तर त्याने बहिऱ्या माणसाला रेटायला साफ नकार दिला असता, आणि त्याचं चुकलं असं कुणी म्हटलं नसतं. थोरल्याला त्या सीटवाचून जगणं नको होतं. वर बसला की तो थोरला असायचा, खाली उतरला की नुसता गुडघे धरून चालणारा म्हातारा. म्हणून त्याने अबोला जिवापाड जपला होता. लोक दुखणं लपवायला काय काय खटाटोप करतात, याला आयतं भांडण मिळालं होतं. उत्तर दिलं नाही तरी लोक म्हणायचे, अजून राग गेला नाही वाटतं.

धाकटा समोर येऊन उभा राहिला. मिशांच्या जागी पांढरीफटक पट्टी दिसत होती. त्याने एक ग्लास पुढे केला आणि बोलायला लागला. तोंड भलतंच मोठं उघडून, अगदी सावकाश. नवी कवळी बसवली असावी, थोरल्याच्या मनात आलं. नजर भिडली की उत्तर देणं आलं, म्हणून तो ग्रीसगनकडे बघत राहिला. धाकटा थांबेना. शेवटी काहीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि ते असं हवं होतं की हा पुन्हा यायचा नाही.

"तुझा डोझर फार धूर सोडतो," थोरला म्हणाला.

धाकट्याचं तोंड मिटलं. त्याने एक ग्लास टायरवर ठेवला आणि दुसरा तसाच हातात घेऊन तो परत गेला. त्याची पाठ बघताना थोरल्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण चहा त्याने प्यायला.

"काय म्हणत होता?" त्याने वहिनींना विचारलं.

"मी पाणी आणायला गेले होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात?"

थोरल्याने सांगितलं. वहिनींनी कपाळावर हात मारला.

"अहो, शोभतं का हे? अकरा वर्षांनी माणूस आपल्या पायांनी आला."

"आला म्हणूनच. आज ती बाई तपासायला येणार आहे, आणि आजच याला गोडी करायची सुचली."

ती बाई म्हणजे मेळाव्याची नवी सुरक्षा अधिकारी. तिशीही गाठली नसेल, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगात दोन माप मोठं, पण पेन धारदार. यंदा पासष्टीच्या वरच्या प्रत्येक चालकाचा एक कागद भरायचा होता: डोळे, कान, ब्रेक, खुणा. सकाळपासून तिने दोघा चालकांना खाली उतरवलं होतं, त्यातला एक तर रोलरवाला होता, ज्याचं यंत्र माणसाच्या चालीनेही पळत नसे. थोरल्याने ठरवलं होतं, आपण मान हलवायची. मान हलवली की निम्मं जग खूश असतं.

दहाच्या सुमाराला दोन्ही यंत्रं खाणीत उतरली. सीटवर बसल्यावर थोरल्याचा जीव भांड्यात पडला. इंजिनाचा आवाज गेला होता, पण त्याची थरथर बुडातून मणक्यात आणि मणक्यातून दातांत यायची, आणि तिच्यावरून त्याला इंजिनाचा मूड समजायचा. त्याने पेटी सोडली, पातं मातीत शिरलं, चाकं घसरायला लागली. तेवढ्यात पाठीत धक्का बसला.

हा धाकट्याचा दुष्टपणा. गेली तीन वर्षं तो हळूच टेकायचं सोडून धक्का मारायचा. टेकताना एक, आणि पेटी भरत आली की आणखी दोन. रागाचंही याने मोजमाप ठरवून ठेवलं होतं. मेळावा झाला की आठवडाभर वहिनी त्याच्या कमरेला मलम चोळायच्या आणि तो धाकट्याचा उद्धार करायचा. तरी एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. हॉर्न ऐकू येत नसतानाही पेटी भरल्याचं त्याला बरोबर कळायचं. बुडालाच कळतं, असं तो वहिनींना सांगायचा. पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे, कान हवेत कशाला.

लाल माती लाटेसारखी पेटीत चढली. पाठीत दोन धक्के बसले. त्याने धाकट्याला एक शिवी हासडली, पेटी उचलली, खाणीच्या कडेला जाऊन माती गालिच्यासारखी पसरली आणि वळला. अशा चार फेऱ्या झाल्या, एकीतही खोट काढायला जागा नव्हती. मग अधिकारी बाईंनी हात वर केला. दोन्ही इंजिनं बंद झाली.

ती आधी धाकट्याकडे गेली. काहीतरी विचारलं, हॉर्नकडे बोट दाखवलं. मग ती स्क्रेपरच्या चाकाशी आली आणि कागदात डोकं घालून थोरल्याला काहीतरी विचारलं. थोरल्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा हलवली, या वेळी जरा अदबीने. तिचं पेन थांबलं. तिने डोकं वर करून त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की हा प्रश्न मान हलवून सुटणारा नव्हता. संपलं, त्याला वाटलं. आता उतरायचं.

एवढ्यात धाकटा डोझरवरून उतरून तरातरा मधे घुसला. हातवारे काय, स्क्रेपरच्या रंगाकडे बोट काय, छाती काय बडवली. आजूबाजूचे लोक हसायला लागले. एक अक्षरही न कळता थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुन्हा चारचौघांत. त्याने फटकन तोंड फिरवलं आणि खाणीच्या भिंतीकडे बघत बसला. परत वळून पाहिलं तेव्हा बाई हसू दाबत सही करत होती. तिने चाकावरच्या पत्र्याला हिरवं लेबल चिकटवलं आणि ती पुढच्या यंत्राकडे गेली. धाकटा आपल्या सीटवर जाऊन बसला होता.

वहिनी पायरीवर चढून त्याच्यासमोर आल्या.

"तुम्ही पास झालात," त्या म्हणाल्या.

"तिने विचारलं काय?"

"तुमचं वय."

थोरल्याने डोझरकडे मान उडवली. "आणि तो काय बोंबलत होता?"

"म्हणाले, 'त्याला काय विचारताय, मी इथे उभा असताना तो तोंड उघडेल होय? या पिवळ्यावरून अकरा वर्षं अबोला आहे आमचा. एकाहत्तर लिहा. हॉर्न मी देतच नाही, माझा आवाजही नको असतो त्याला. टेकलो की एक धक्का, भरली की दोन. तीन वर्षं असंच चाललंय, एक फेरी चुकलेली नाही.' बाईंनी तसंच लिहून घेतलं. खूण दोघांना ठाऊक असली की झालं, म्हणाल्या."

थोरल्याचा हात आपोआप कमरेवर गेला.

"टेकलो की एक," तो म्हणाला. "भरली की दोन."

"हो."

"मग ते मला बुडाला कळायचं ते?"

"बुडालाच कळायचं," वहिनी म्हणाल्या. "कोण कळवायचं, तेवढं मी सांगत नव्हते."

"त्याला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. सात हॉर्न दिले त्यांनी, आणि तुम्ही आपले पातं जमिनीत रुतवून निघालात. मला येऊन विचारलं. खोटं कसं बोलू?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्याचं नाव घरात काढायचं नाही, अशी ताकीद कुणी दिली होती? चाळीस वर्षांच्या मिशा उतरवल्या त्यांनी, का ते विचारा. मिशीखालचं तुम्हाला वाचता येत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात, ते मी त्यांच्या कानावर घातलं. सकाळी बिचारे समोर उभे राहून इतकं हळूहळू बोलले असतील, आणि तुम्ही म्हणे ग्रीसगन बघत होतात."

थोरल्याचे डोळे भरून आले. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की कुठे तोंड लपवावं कळेना. तो दांडा धरून उठला.

वहिनींनी त्याचा शर्ट मागून ओढला आणि तो वळल्यावर म्हणाल्या, "कुठे निघालात? बाई अजून खाणीतच आहेत. आत्ता गळ्यात पडलात तर दोघांचीही सीट जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत भांडण टिकवा."

तो खाली बसला. जमेल तेवढा चेहरा वाकडा करून त्याने मागे वळून पाहिलं. डोझरवर धाकटा तसाच बसला होता, मिशा काढलेल्या त्या उघड्या ओठांनी. अधिकारी बाई त्याच्यापासून चार पावलांवर कुणाचा तरी ब्रेक तपासत होती. धाकट्याने तिच्याकडे एक नजर टाकली, मग थोरल्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड सावकाश उघडू मिटू लागलं. बाईने मान वर केली नाही, म्हणजे आवाज नसणारच.

थोरल्याने या वेळी नजर हटवली नाही. एकेक शब्द त्याने वेचून घेतला.

मागचा डावा टायर बघ. हवा कमी आहे.

त्याने जेमतेम दिसेल एवढी मान हलवली. मग लोक बघताहेत हे आठवून त्याने जोरात नाक उडवलं, आणि हवेचं मीटर घेऊन तो पायरीवरून खाली उतरला.

"काय म्हणाले भावजी?" वहिनींनी विचारलं.

"मला काय माहीत," थोरला म्हणाला. "आम्ही बोलत नाही." आणि तो मागच्या डाव्या टायरकडे गेला.