रोमच्या शिपायांचे रस्ते

पितांबरने दोरीचं एक टोक मदतीला आलेल्या नथ्थूच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो माळावर उलट्या पावली चालत गेला. दोरी ताणली गेली, तशी त्याने खुंटी ठोकली.

मागल्या भादव्यात तापीने गाव धुऊन नेलं होतं. सरकारने वरचा हा माळ दिला. आखणी पितांबरकडे आली, कारण दुसऱ्या महायुद्धात तो शिपाई म्हणून इटलीत होता आणि गाव कसं वसवतात ते तिथे ऐकून आला होता. पण त्याची बायको बेबाबाई अजून खालीच होती. पुरातून घराची एकच भिंत उभी राहिली होती, ती भिंत बेबाबाई रोज सारवायची. तीच हलत नाही म्हटल्यावर बाकीच्या बायाही हलेनात.

आज ती वर आली.

"हाई काय चालनं शे?"

पितांबर खुंटीपाशी उकिडवा बसला. जखमी होऊन तो ज्या गावात पडून होता, तिथल्या म्हाताऱ्या मास्तराकडून ऐकलेलं त्याने तिला सांगितलं. रोमच्या बादशहाने नोकरी संपलेल्या शिपायांना तिथे जमिनी दिल्या. त्यांनी आधी दोन सरळ रस्ते आखले, एकमेकांना छेदणारे. मग घरं, मग वेस. बादशाही गेली, वेशी पडल्या, नदीनेसुद्धा पात्र बदललं. रस्ते तेच राहिले. बोलता बोलता उन्हाच्या झळांत त्याला दगडी कमानी हलताना दिसू लागल्या, आणि त्यांच्याखालून आपल्याच गावच्या बैलगाड्या सावकाश येताना.

"दोन हजार वरीस," तो पुटपुटला.

बेबाबाईने पदर डोक्यावर ओढला.

"त्या शिपायास्ना बायकास्ले कोनी इचारं व्हतं का?"

मास्तर त्याबद्दल काही बोलला नव्हता. पितांबरनेही विचारलं नव्हतं.

"माले माहीत नही."

ती चालत पुढे गेली. दोरीच्या वाटेत एक कोवळा निंब होता, तोडायचा म्हणून चुन्याची खूण केलेला. तिने खुंटी उपटली, निंबाच्या पलीकडे नेली आणि दगडाने ठोकली.

"वहिनी, रस्ता वाकडा हुई!" नथ्थू ओरडला.

"हुऊ दे. आठे मन्हं दार."

पितांबर निंबापाशी आला. मग त्याने दोरी सोडून नव्या खुंटीला बांधली.

ऊन कलल्यावर खालून मंदाबाई आली, तिच्यामागून लताबाई, मग गाठोडी घेऊन आणखी चार-पाच जणी. कुणाला शेजार बदलून हवा होता, कुणाला नदी दिसायला हवी होती. तिन्हीसांजेला माळावर एकही दोरी सरळ उरली नव्हती.

"भाऊ, आते काय करवं?" नथ्थूने विचारलं.

"नव्या खुंट्या तासी ठेव," पितांबर म्हणाला. "सकाळ आनखी बाया येतीन."