पूर्ण गुणांचं पान

बायांनो, जरा ती केस वाळवायची यंत्रं बंद करा. माझ्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी बोलून घेतलं, आता मलाही बोलू द्या. मी एक छोटीशी प्रेमकथा. अलेक्झांड्रियात अन्फूशीच्या कोळीवाड्यामागं इन्शिराहबाईंचं केस कापायचं, रंगवायचं दुकान आहे, तिथल्या मोठ्या आरशाखाली माझं बिऱ्हाड. जाडी म्हणाल, तर केसांना मेंदी लावून ती धुवेपर्यंत बाई मला हातावेगळी करते.

माझी गोष्ट साधी. एक विद्यार्थिनी, एक पिकल्या कानशिलांचा प्रोफेसर, समुद्रकाठची बाकं आणि शेवटी लग्न. कैरोच्या एका छापखान्यात जन्मले, कागद स्वस्तातला, मुखपृष्ठ भडक. कुणी गिऱ्हाईक मला इथं विसरून गेली ती न्यायला परत आलीच नाही. बरंच झालं म्हणा. कपाटात उभ्यानं धूळ खाण्यापेक्षा बायकांच्या मांडीवर पडून शिव्या खाणं मला केव्हाही पसंत.

आणि शिव्या तरी किती! मादाम फेरियाल रुमालानं डोळे पुसत म्हणायच्या, "काय टुकार पुस्तक आहे!" आणि पुढच्या खेपेला पुन्हा मलाच मागायच्या. मासळी विकणाऱ्या उम्म वजदीला लिहितावाचता येत नव्हतं. ती दुसऱ्या कुणा बाईकडून वाचून घ्यायची आणि मध्येच ओरडायची, "अगं, पण हा मेला मागणी घालायला तिच्या आईच्या दाराची घंटा कधी वाजवणार? सगळं प्रेम बाकावरच का?"

"वाजवतो गं. शेवटच्या पानावर वाजवतो."

"मग पहिल्या पानावर काय हात मोडले होते त्याचे?"

एका पानावर मात्र सगळ्या गप्प व्हायच्या. प्रोफेसर पेपरांच्या गठ्ठ्यात तिचं नाव बघतो आणि पेपर न उघडताच वर पूर्ण गुण लिहितो. हे पान आलं की दुकानभर सुस्कारे. उम्म वजदीसुद्धा म्हणायची, "हाय! नाहीतर आमचं ध्यान. भांडल्याशिवाय कधी एक कलिंगड आणलं नाही मेल्यानं."

इन्शिराहबाईंची भाची रिहाबही मला वाचायची, पण चोरून. आईबाप नसलेली पोर, मावशीनंच वाढवलेली. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. वर्षभर ती दुकानामागच्या नावा बांधायच्या अड्ड्यात, म्हाताऱ्या सुतारांजवळ भुशात बसून असायची. जुन्या नावा कशा बांधत, लाकूड कुठून येई, सगळं विचारून तिनं आपला प्रबंध लिहिला. तिचे प्रोफेसर डॉक्टर शुक्री यांनी त्याला पूर्ण गुण दिले. त्या जोरावर रिहाब वर्गात पहिली आली. पहिल्या आलेल्या मुलीला युनिव्हर्सिटीतच शिकवायची नोकरी मिळते, त्यामुळे मावशी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकत नव्हती.

आणि मग त्याच डॉक्टर शुक्रींचा निरोप आला, की शुक्रवारी मागणी घालायला येतो.

रिहाबचा जीव होताच त्यांच्यावर. माझी पानं उलटताना तिचे कान लाल व्हायचे, ते मला ठाऊक आहे. मावशी मात्र कंगवा हातात धरून म्हणाली, "माणूस मोठा आहे, मान्य. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. नीट विचार कर, बाई."

"केलाय मावशी. आणि सुरी काय म्हणतेस त्यांना? त्यांनी माझं काम ओळखलंय. आजवर कुणी ओळखलं होतं?"

घर मागं, तेही दीड खोलीचं. म्हणून शुक्रवारी दुकानातच खुर्च्या भिंतीला लावल्या. रिहाबचे बस्यूनीमामा वडीलधारे म्हणून मधल्या उंच खुर्चीत बसले. उम्म वजदी आमंत्रण नसताना आली. आतल्या ओट्यावर लाल सरबताचे पेले भरून तयार. मामांनी कुराणातली फातिहा म्हटली की सोयरीक पक्की, आणि मग सरबत फिरवायचं.

डॉक्टर शुक्री आले, मिठाईचा खोका आणि फुलं घेऊन. "हा निदान दारातून तरी आला," उम्म वजदी पुटपुटली. बोलायला गोड, नम्र माणूस. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी हसून मला उचललं.

"अरे वा, हे इथं? मी वाचलंय. यातलं एक पान फार सुंदर आहे." त्यांनी नेमकं तेच पान काढून वाचून दाखवलं. उम्म वजदीनं सवयीनं सुस्कारा टाकला. मी आपली फुगून बसले. मग रिहाबकडं बघत ते म्हणाले, "आमच्या रिहाबच्या वेळीही अगदी असंच झालं. गठ्ठ्यात नाव दिसलं, वर पूर्ण गुण लिहून टाकले. उघडायचीसुद्धा गरज पडली नाही."

मामा खूश होऊन हसले. रिहाब हसली नाही.

"त्या मुलीनं पेपरात काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

"कुठल्या मुलीनं?"

"या पुस्तकातल्या."

"ते काही दिलेलं नाही यात."

"आणि मी काय लिहिलं होतं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मला बंद केलं. "बंदराचा इतिहास... नाही का?"

"अगं, मोठ्या माणसाची अशी परीक्षा घेतात का?" मामा म्हणाले.

"राहू द्या हो," डॉक्टर मामांना म्हणाले. "तुझं वाचायला कशाला हवं, रिहाब? चांगलंच असणार. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

खरं सांगते, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोटात त्या मुलीच्या डोळ्यांवर चार पानं आहेत. तिनं काय लिहिलं, त्याची एक ओळ नाही. इतक्या बायकांनी मला वाचलं, नावं ठेवली, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

रिहाब आत गेली. मामांनी फातिहासाठी तळवे उघडले. ती तबक घेऊन बाहेर आली, आणि तबकात सरबत नव्हतं. लहानशा कपात कॉफी होती. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि कप तसाच हातात राहिला. काळी, बिनसाखरेची. आमच्याकडं ती मयताच्या घरी, दुखवट्याला आलेल्यांना देतात.

उम्म वजदीनं तोंडावर हात ठेवला. मामांचे तळवे उघडेच होते. मावशीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, भाचीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि उठून मिठाईचा खोका डॉक्टरांच्या हातात परत दिला.

पुढं रिहाबनं स्वतः अर्ज करून प्रबंध दुसऱ्या प्राध्यापिकेकडून तपासून घेतला. बऱ्याचजणी म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण! झालंही तसंच. गुण कमी झाले, पहिला नंबर गेला, नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. रिहाब माझ्याच शेजारी डोकं टेकून हमसून हमसून रडली.

मी आता म्हातारी झाले. मुखपृष्ठ गळालं, पानांवर मेंदीचे डाग पडले, तरी बायका मला सोडत नाहीत. वाचा, खुशाल वाचा. रडा, शिव्या द्या. फक्त त्या पानावर सुस्कारा टाकू नका, एवढंच मागणं आहे.

कारण प्रबंध परत आला ती दुपार मी पाहिलीय. पान न् पान लाल शाईनं भरलेलं होतं. 'पुरावा कुठं आहे?' 'हे पटत नाही.' 'हे नवीन आहे, अजून लिही.' रिहाबनं डोळे पुसले, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं आणि दुकानातून आत हाक मारली, "मावशी! अगं बाहेर ये! कुणीतरी वाचलंय!"