वाटणीत राहून गेलेला उकिरडा

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पळीपासून पाटापर्यंत सगळं निम्मं-निम्मं झालं. परसात मधोमध भिंतही उभी राहिली. वाटायचा राहिला तो फक्त उकिरडा. तो धाकट्या जावेच्या बाजूला आला आणि त्याचं कुणी नावही काढलं नाही.

थोरली जाऊ मात्र हक्क विसरली नव्हती. रोज सकाळी भाजीची सालं, राख, फाटक्या पिशव्या, सगळं भिंतीवरून धाकटीच्या परसात. त्या दिवशी कांद्याची पात नेमकी वाळत घातलेल्या धुण्यावर येऊन बसली आणि धाकटीचा पारा चढला.

"जाऊबाई, हा उकिरडा माझ्या परसात आहे."

"असू दे. वाटलाय कुठं? निम्मा माझाच," पलीकडून उत्तर आलं.

धाकटीने धुण्यावरची पात उचलून उकिरड्यावर भिरकावली. तिचं खरं दुःख वेगळंच होतं. नवी नवरी होऊन आली तेव्हा याच थोरलीने तिला चूल पेटवायला शिकवलं होतं. आता दोन वर्षं त्या दोघींत कचऱ्याशिवाय काही येत-जात नव्हतं. याचं तिला फार वाईट वाटे, पण आधी बोलायचं कुणी, इथंच घोडं अडलं होतं.

सासू एक महिना या घरी जेवायची, एक महिना त्या घरी. ती उन्हाला पाठ देऊन म्हणाली, "भांडून माशा जातात का गं? खड्डा खण."

धाकटीने कमरेइतका खड्डा खणला. सालांचा थर, त्यावर वाळका पाला, त्यावर माती. पिशव्या वेचून धुतल्या आणि बियाणं झाकायला घेतल्या. आठवड्याला एकदा फावड्याने सगळं वरखाली करायचं. वास गेला, माशाही गेल्या. पाचव्या महिन्यात काळंभोर, भुसभुशीत खत हाताला लागलं. ते वांग्यांना घातलं, तर झाडं भिंतीवरून पलीकडे डोकावायला लागली.

आणि अचानक भिंतीवरून कचरा यायचा थांबला.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. धाकटीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण नवराबायकोची आणि सासूची सालं ती किती? खड्डा भरेना. त्यात पलीकडून असा वास यायला लागला की सासूने पदर नाकाला लावला.

पाचव्या दिवशी थोरली स्वतःच दारात आली. धाकटीला वाटलं, आता ही निम्मं खत मागणार. तिने आधीच बोलून टाकलं, "खत हवं तेवढं न्या जाऊबाई. पण सालं टाकायचं थांबवू नका."

थोरली उंबऱ्यातच घुटमळली. "मीही खड्डा खणलाय. नुसताच सडतोय. पाला घालायचा असतो का त्यात?" मग हळूच म्हणाली, "शिकवशील?"

धाकटीचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने फावडं उचललं.

सासूने दुसऱ्याच दिवशी भिंतीच्या चार विटा काढायला लावल्या. सकाळी त्या भोकातून सालांची टोपली अलीकडे आली, तळाशी एक फाटकी पिशवी होतीच. धाकटीने ती परत पलीकडे सरकवली. त्यावरून दोघींची जी जुंपली, ती हसण्यावर गेली, माहेरावर गेली, दोन वर्षांच्या साठलेल्या गोष्टींवर गेली.

त्या सकाळी दोन्ही घरचं दूध उतू गेलं.