ओल्या कुंकवाची रेघ

मी कडब्याची कुट्टी करणारी मशीन बोलतेय. उभी आहे म्हणायचं, पण खरं तर टेकलेय. एक चाक मातीत रुतलंय आणि ते काढायची मलाच घाई नाही.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा, पांढुर्ण्यातला. दोन पाती, ती फिरवणारं एक जड चाक, रुंद तोंड, रस्त्यानं चालायला खाली दोन चाकं आणि ट्रॅक्टरला अडकवायची लांब दांडी. सौंसरच्या भैय्याजींनी मला घेतलं. गावोगाव ओढत न्यायचं, लोकांच्या कडब्याची कुट्टी करून द्यायची, हा त्यांचा धंदा. माणसांना वाटतं, मशीन कामानं थकते. मी रस्त्यानं थकले. रामाकोन्याच्या वाटेवरचा एकेक खड्डा दांडीतून वर यायचा आणि दांडी सांगाड्याला जोडलीय त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

तोंडापाशी देवकाबाई बसायची, पेंढ्या आत सारायला. माझ्याशी बोलायची, "खाय बाई, पन सबुरीनं खाय."

दसऱ्याला मला धुवून हिरवा रंग द्यायचे, मग पूजा. गंज झाकला जायचा. बघणारे म्हणायचे, नवीच दिसते. आतून मी झिजत होते आणि वरून दर साली नवी होत होते.

एका दसऱ्याला रंगाचा डबा यायला उशीर झाला. देवकाबाईनं वाट न पाहता मला ओलं कुंकू लावलं. तेवढ्यात भैय्याजी डबा घेऊन आले.

"पूस ते, देवकाबाई. रंग द्याचा हाये अजून."

तिनं पुसलं. सगळीकडचं गेलं, पण दांडीच्या जोडापाशी केसाएवढी लाल रेघ राहिली. पुन्हा पुसलं, तर आतून कुंकू पुन्हा वर आलं.

"भैय्याजी, हे भेगलं वाटते. पुसलं तरी येऊन राह्यलं."

"रंग लागला का बुजते सारं."

"बुजते. पन जुळते का?"

भैय्याजी हसले आणि त्यांनी कुंचला फिरवला. रेघ हिरवी झाली.

ज्वारी निघाली. रामाकोन्याच्या खळ्यावर ट्रॅक्टरचा पट्टा माझ्या जड चाकाला चढवला. पट्ट्यानं ओढ घेतली की त्या भेगेपाशी माझा सांगाडा लचकायचा आणि पातं तोंडाच्या काठाला घासायचं. टिक, टिक. तोंडापाशी बसणाऱ्यालाच ते ऐकू यावं, एवढं बारीक.

देवकाबाई उठली, पदर झटकला.

"मी नाही बसत."

"लोकं खोळंबले ना, बाई. काही होत नाही."

"होत नाही त मंग तुमीच बसा माह्या जागी. मशीनचा पार्ट भेटते बजारात, माह्या हाताचा नाही भेटत."

खळ्यावरची माणसं हसली. त्या हसण्यापायी भैय्याजी बसले. एक पेंढी सारली. दुसरी उचलली आणि ती हातातच राहिली. कान माझ्या तोंडाशी, नजर स्वतःच्या बोटांवर. मग त्यांनी हात वर करून ट्रॅक्टर बंद करायला लावला.

सौंसरच्या वेल्डिंगवाल्यानं सगळा रंग खरवडला. भेग जिथं संपत होती तिथं बारीक छिद्र पाडलं, पुढं सरकू नये म्हणून. मग भेग खोल कोरून भरली, वरून पट्टी जोडली. दुखलं, पण खोटं नव्हतं ते.

आता एकोणनव्वद साल आहे. माझ्या दुसऱ्या कोपऱ्यातही तसंच ठणकतंय. भैय्याजी मला विकताहेत; उद्या बोरगावचं गिऱ्हाईक पाहायला येणार, म्हणून भैय्याजींनी हिरव्या रंगाचा डबा आणलाय. मी मनात म्हटलं, संपलं. तिकडे कोणती बाई माझ्या तोंडापाशी बसेल, तिला काय ठाऊक.

भैय्याजींनी झाकण उचकटलं. माझ्या जुन्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग झाकण पुन्हा दाबून बसवलं आणि हाक मारली.

"देवकाबाई, कुंकू भिजवून आन वं. पह्यले तुहं होऊ दे."

बाई, चारही कोपऱ्यांना लाव. आणि भैय्याजी, पुसल्यावर जी रेघ उरेल ती झाकू नका. मोडीत गेले तरी चालेल मला.