रांग सोडायची नाही

सकाळी ओसाकाच्या किल्ल्यावर बाबा पास झाले, तेव्हा चिझुरूचा जीव भांड्यात पडला. तिचा भाऊ कोहेइ सेंदाईहून शहर बघायला म्हणून आला होता. खरं बघायचं होतं ते बाबांना. त्यांचं विसरणं हाताबाहेर गेलेलं दिसलं, तर तो त्यांना सेंदाईच्या वृद्धाश्रमात नेणार होता. तसं त्याने फोनवर सांगूनच ठेवलं होतं. म्हणून चिझुरू आठवडाभर बाबांकडून नातवंडांची नावं घोकून घेत होती. लबाडी तर लबाडी.

दुपारी दोतोन्बोरीच्या बाजारात तिने त्यांना ताकोयाकीच्या, ऑक्टोपसच्या गरम गोळ्यांच्या, दुकानासमोर रांगेत उभं केलं. कोहेइ तिच्या मैत्रिणीबरोबर, नात्सुएबरोबर, कालव्याकाठी फोटो काढत होता.

"बाबा, रांग सोडायची नाही. मी त्या दोघांना घेऊन आलेच."

गर्दीत दोघं सापडायला बराच वेळ गेला. परत येऊन बघते तर बाबा रांगेच्या तोंडाशी नाहीत, मध्येही नाहीत.

"फोन कर ना," कोहेइ म्हणाला.

"त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये आहे."

"छान. म्हणजे फोन तरी हरवला नाही."

"टोमणे नंतर मार रे," नात्सुए म्हणाली. "आधी पुलावर बघून ये."

चिझुरू कालव्याकडे धावली. कठड्यावरून तिने खाली पाण्यात पाहिलं. बाबांसारखी करडी टोपी दिसेल त्या माणसामागे ती जात होती, माफी मागून परत फिरत होती. बाबांचं काही बरंवाईट झालं असेल, ही भीती होतीच. पण दादाला आता सगळं कळलं, ही भीती तिच्या मनात आधी आली होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

शेवटी तिने दुकानातल्या मुलीला विचारलं.

"करड्या टोपीवाले आजोबा? ते कधीचे येतायत. नंबर आला की म्हणतात, मुलं अजून आली नाहीत, आणि परत शेवटाला जाऊन उभे राहतात. बाजूला थांबा म्हटलं, तर म्हणाले, तुमच्या दारात अडचण नको."

शेजारच्या दुकानाचं दार अडू नये म्हणून रांग तोडून तिचं शेपूट गल्लीपलीकडे नेलेलं होतं. तिथे बघायचं चिझुरूला सुचलंच नव्हतं. बाबा तिथे सगळ्यांच्या मागे उभे होते.

"बाबा," धापा टाकत ती म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं, मान झुकवली आणि अदबीने बाजूला सरकले.

"तुम्ही व्हा पुढे. माझी मुलगी यायची आहे. रांग सोडू नका म्हणाली आहे."

कोहेइ तिच्या पाठीशीच होता. बाबा गंमत करतायत, असं म्हणायला तिची जीभ सरसावलीही होती. पण ती त्यांच्या मागे उभी राहिली.

"मीही थांबते. येईलच ती."

"येणारच," बाबा म्हणाले. "येते म्हणाली की येते."

कोहेइ तिच्या मागे येऊन उभा राहिला. नात्सुएने नाक पुसलं.

"दादा," चिझुरू मागे न बघता म्हणाली, "असा वृद्धाश्रम इथे, ओसाकातच नाही का मिळणार?"

कोहेइने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रांग सरकली, तसं बाबांनी तिला हाताने खूण केली, चला.